शिडाच्या जहाजाचं जुनं किट घेताय? पैसे परत मागायची मुदत संपायच्या आत फ्रेम मोजा

मोठ्या युद्धनौकेचं प्लास्टिक किट अनोळखी विक्रेत्याकडून घेणार असाल, तर पैसे देण्याआधी हे वाचा. माझी फसवणूक झाली आहे, आणि ती या छंदाची नस ओळखणाऱ्या माणसाने केली आहे. त्याने मला रिकामं खोकं पाठवलं नाही, की पैसे घेऊन गायबही झाला नाही. किट वेळेवर आलं, नीट गुंडाळून आलं. फक्त बांधणीत जे भाग सगळ्यात शेवटी लागतात, तेवढे त्यातून काढून घेतलेले होते.

किट होतं हेलर कंपनीचं, १:१०० प्रमाणातलं एचएमएस व्हिक्टरी. व्हिक्टरी म्हणजे ब्रिटिश नौदलाची १०४ तोफांची नौका. १७६५ साली चॅटहॅमला ती पाण्यात उतरली, २१ ऑक्टोबर १८०५ च्या ट्रफाल्गारच्या लढाईत ब्रिटिश अ‍ॅडमिरल नेल्सन तिच्यावर होता, आणि १९२२ पासून ती पोर्ट्समथच्या सुक्या गोदीत उभी आहे. हेलरच्या या किटमध्ये दोन हजारांहून जास्त सुटे भाग आहेत, आणि ते फ्रेमना, म्हणजे प्लास्टिकच्या चौकटींना, जोडलेले येतात. असं किट कुणी सुट्टीत बसून संपवत नाही. आधी हलचे, म्हणजे जहाजाच्या बाहेरच्या कवचाचे, दोन अर्धे भाग, मग डेक, मग तोफा, मग रंग, आणि हे सगळं झाल्यावर डोलकाठ्या आणि दोर. डोलकाठ्यांपर्यंत पोचायला भल्याभल्यांना वर्ष लागतं, कित्येकांना त्याहून जास्त. खरेदीदाराच्या संरक्षणाची मुदत मात्र पार्सल हातात पडल्यापासून मोजायला सुरुवात होते. विक्रेत्याने डाव मांडला तो नेमका या दोन गोष्टींमधल्या अंतरावर.

घेण्याआधी मी त्याला लेखी विचारलं होतं: सगळ्या फ्रेम आहेत का, दोराचे गुंडे आहेत का, श्राउड (डोलकाठीला बाजूंनी ताणून धरणारे दोर) विणायचा साचा आहे का, सूचनापुस्तिका मूळ आहे का. त्याचं उत्तर स्पष्ट होतं: "न उघडलेलं, कारखान्यातून आलं तसंच." सोबत चारी बाजूंनी काढलेले फोटो, खोक्यावर ताणून बसवलेला पारदर्शक प्लास्टिकचा थर. तो थर बघितला की आपली खात्री पटते. पण तो प्लास्टिकचा रोल आणि गरम हवेची गन कुणालाही विकत मिळते, आणि खोकं पुन्हा गुंडाळायला फारसं कसब लागत नाही. आतल्या पिशव्याही उष्णतेने पुन्हा चिकटवता येतात. "सील आहे" याचा अर्थ कुणीतरी सील केलंय, एवढाच घ्यायचा.

पार्सल आल्यावर मी फ्रेम मोजल्या. पुस्तिकेतल्या नकाशाशी संख्या जुळली. ती जुळावी याची तजवीज त्याने करून ठेवली होती, हे पुढे कळलं. अशा किटमध्ये काही फ्रेम मुळातच दोनदा येतात, कारण तोफांचे गाडे, कप्प्या, डेडआय (श्राउड ताणायला लागणारे भोकांचे गोल ठोकळे) हे भाग शेकड्यांनी लागतात. त्यामुळे एकसारख्या दोन फ्रेम दिसल्या की कुणाला शंका येत नाही. त्याने एक महत्त्वाची फ्रेम काढली आणि तिच्या जागी दुसऱ्या कुठल्या किटमधून उरलेली, आधीच पुरेशी असलेली फ्रेम घातली. संख्या तीच राहिली.

मग मी कामाला लागलो. या टप्प्यावर माणूस किती गुंतत जातो ते कळल्याशिवाय या फसवणुकीतला दुष्टपणा कळायचा नाही. इतका लांब हल हमखास थोडा पिळलेला असतो, म्हणून आतून आडवे टेकू देऊन तो सरळ करावा लागतो. दोन भागांची सांध भरायची, घासायची, पुन्हा भरायची. डेकवर फिकट तपकिरी रंगाचा थर द्यायचा, तो पूर्ण वाळला की वर पातळ केलेला गडद ऑइल रंग लावून फळ्यांच्या दिशेने कापडाने पुसायचा, म्हणजे गडद रंग खाचांमध्ये राहतो आणि फळी फळी वेगळी दिसते. हलच्या रंगाचा तर स्वतंत्र अभ्यास करावा लागला. जुन्या पुस्तिका ठसठशीत पिवळा सांगतात, पण खऱ्या जहाजावरच्या रंगाच्या थरांची तपासणी झाल्यावर २०१५ मध्ये व्हिक्टरी बऱ्याच फिकट छटेत रंगवली गेली. मी ती फिकट छटा धरली, काळ्या पट्ट्यांच्या कडा मास्किंग टेप लावून एकेक करून काढल्या, आणि तोफांच्या झडपा बाहेरून काळ्या केल्या, कारण पिवळ्या पट्ट्यांवरच्या काळ्या झडपांनीच त्या काळच्या ब्रिटिश नौकांना तो चौकटीचौकटींचा चेहरा येतो. एवढं सगळं झालं होतं. जहाज जहाजासारखं दिसायला लागलं होतं.

पुढच्या डोलकाठीचा वरचा भाग जुळवायला घेतला तेव्हा तो सापडेना. त्याच्या आडव्या काठ्याही नव्हत्या. पुस्तिकेतला क्रमांक घेऊन मी एकेक फ्रेम उलटीपालटी करून पाहिली, आणि तेव्हा ती जादा घातलेली फ्रेम लक्षात आली: तिच्यावर साच्यात उमटलेला आकडा आणि मला हवा असलेला आकडा वेगळे होते. डेडआयची एक फ्रेम तर अर्धीच होती. बाकीच्या फ्रेमची टोकं साच्यातून आली तशी गुळगुळीत आणि गोलसर होती. हे टोक मात्र कटरने दाबून तोडलेलं, मधोमध चिमटल्यासारखी कड उठलेली, आणि वाकवल्यावर पॉलीस्टायरीन पांढरं पडतं तसा पांढरा डाग त्या कडेभोवती. कारखान्यात फ्रेम अशी तुटत नाही. कुणीतरी हातात कटर घेऊन ती तोडली होती.

जे गेलं त्यातली एक गोष्ट मला फार लागली. ट्रफाल्गारच्या लढाईत व्हिक्टरीवर असलेलं पुढच्या डोलकाठीचं वरचं शीड, फोर टॉपसेल, आजही पोर्ट्समथला जपून ठेवलेलं आहे, गोळ्यांनी पडलेल्या सुमारे ९० भोकांसकट. मला तेच शीड मॉडेलवर दाखवायचं होतं. माझ्या खोक्यातून नेमकी त्याच शिडाची डोलकाठी आणि काठ्या काढल्या होत्या.

विक्रेत्याला लिहिलं. आधी तो फार गोड बोलला, "वाहतुकीत पडलं असेल." बंद पिशवीतून काय पडणार, असं विचारल्यावर "तुमच्याकडून इकडे तिकडे झालं असेल." तुटलेल्या टोकाचे फोटो पाठवल्यावर "इतक्या उशिरा तक्रार करणाऱ्यांवर कुणी विश्वास ठेवत नाही," आणि त्यानंतर उत्तर नाही. ज्या विक्री-मंचावरून घेतलं त्यांनी मुदत संपल्याचं सांगून प्रकरण बंद केलं. बँकेनेही मुदतीकडेच बोट दाखवलं. त्यांच्या नियमात ते बरोबर असेल, पण आमच्या छंदाला तो नियम अजिबात लागू पडत नाही, आणि विक्रेत्याला हे पक्कं ठाऊक होतं.

काही काळाने त्याच विक्रेत्याच्या नावाने सुट्या भागांच्या जाहिराती दिसल्या. व्हिक्टरीचे डेडआय, टॉपमास्ट (डोलकाठीचे वरचे भाग), काठ्या, सगळं वेगवेगळं, आणि एकूण दर पूर्ण किटहून चढा. डेडआयच्या अर्ध्या फ्रेमचा फोटो मी मोठा करून पाहिला. तिच्यावरचा आकडा माझ्या अर्ध्या फ्रेमवरचाच होता, आणि माझ्याकडे जिथे फ्रेम संपते तिथून त्याच्याकडची सुरू होत होती. म्हणजे जहाज एकाला विकायचं आणि त्याच्याच डोलकाठ्या दुसऱ्याला. हा योगायोग आहे असं मला कुणी सांगू नये.

त्याच्याकडूनच घेतलेल्या सुधारणा-संचाबद्दलही (किटमधल्या भागांच्या जागी लावायच्या सरस भागांचा संच) सांगायला हवं. "ट्रफाल्गारच्या वेळच्या १०४ तोफा, पितळी नळ्या, आणि योग्य जाडीचे दोर" असं त्याचं वर्णन होतं. ट्रफाल्गारच्या वेळी व्हिक्टरीच्या खालच्या डेकवर ३२ पौंडी (म्हणजे ३२ पौंडांचा गोळा डागणाऱ्या) ३०, मधल्या डेकवर २४ पौंडी २८, वरच्या डेकवर १२ पौंडी ३०, क्वार्टरडेकवर (मागच्या बाजूच्या वरच्या डेकवर) १२ पौंडी १२, आणि पुढच्या बाजूला १२ पौंडी दोन मध्यम तोफा आणि ६८ पौंडी दोन कॅरोनेड होत्या. म्हणजे संचात निदान तीन-चार आकार हवेत, आणि कॅरोनेड तर आखूड, जाड्या, बघताक्षणी वेगळ्या ओळखू येणाऱ्या. आलेल्या १०४ नळ्या एकाच साच्यातल्या होत्या. संख्या बरोबर, माल खोटा. फ्रेमच्या बाबतीत केलं तेच इथेही.

दोरांचंही तसंच. जुन्या नौदलात दोराचं माप घेराने सांगत, जाडीने नाही. ११ इंच घेराचा दोर म्हणजे साडेतीन इंच जाडी, १:१०० मध्ये ती जेमतेम ०.९ मिलिमीटर होते. गुंड्यावरची चिठ्ठी वाचून काही कळत नाही, मोजावंच लागतं. खिळ्यासारख्या सरळ दांडीवर दोराचे दहा वेढे एकमेकांना चिकटून घ्या, ओढून ताणू नका, आणि वेढ्यांची एकूण रुंदी मोजून दहाने भागा. मला आलेले तीन वेगवेगळ्या मापांचे म्हणवलेले गुंडे मोजल्यावर एकच जाडी दाखवत होते, फक्त रंग वेगळे. वर ते साध्या शिवणाच्या सुताचे होते, उजेडात धरले की बारीक केस उभे दिसायचे. खऱ्या व्हिक्टरीवर सुमारे ४२ किलोमीटर दोर असल्याचं सांगितलं जातं. त्यातला काही भाग जरी मॉडेलवर आणायचा म्हटला तरी हे केसाळ सूत सगळ्या कामाचा चेहरा बिघडवून टाकतं.

म्हणून माझं कळकळीचं सांगणं आहे की किट घरी आल्यावर कपाटात ठेवू नका. "पुढच्या वर्षी सुरू करू" म्हणून बंद खोकं जपून ठेवणारे आपल्यात खूप आहेत, आणि न उघडलेल्या खोक्याची किंमत टिकते हा विचार त्यामागे असतो. अनोळखी विक्रेत्याकडून आलेल्या खोक्याच्या बाबतीत तो विचार बाजूला ठेवा. खोकं उघडतानाचं चित्रीकरण करा, पार्सलवरच्या पत्त्याच्या चिठ्ठीपासून ते शेवटची पिशवी बाहेर येईपर्यंत, मध्ये न थांबता. मग प्रत्येक फ्रेम पुस्तिकेतल्या नकाशाशेजारी ठेवून तिचा आकडा जुळवा. फ्रेम किती आहेत याने भागत नाही, कोणत्या आहेत ते बघा. दोनदा आलेली फ्रेम दिसली तर ती पुस्तिकेत दोनदा सांगितली आहे का हे शोधा. त्यानंतर तपासणी उलट्या क्रमाने करा: जे शेवटी लागणार ते आधी. डेडआय, कप्प्या, डोलकाठ्यांचे वरचे भाग, आडव्या काठ्या, शिडांचे पातळ पत्रे, नांगर, होड्या, श्राउड विणायचा साचा. हल आणि डेक असणारच, ते नसले तर पहिल्याच दिवशी बोंब होईल हे विक्रेत्यालाही कळतं. फ्रेमच्या प्रत्येक टोकावरून बोट फिरवा, कटरची कड बोटाला लगेच लागते.

पैसे देताना विक्रेता "मंचाबाहेर द्या, थोडं स्वस्तात देतो" म्हणाला तर व्यवहार तिथेच सोडा. मी मंचावरूनच दिले होते, तरी मुदतीने घात केला. बाहेरून दिले तर तेवढीही वाट उरत नाही.

माझ्या ओळखीच्या एका बाईंनी याच विक्रेत्याकडून कॉन्स्टिट्यूशन या अमेरिकी युद्धनौकेचं किट घेतलं होतं, रेव्हेल कंपनीचं, १:९६ चं. माझा प्रकार ऐकून त्यांनी त्याच दिवशी खोकं उघडलं. त्या किटचा वरचा डेक तीन तुकड्यांत येतो, ते तिन्ही होते, हलही होता. पण टॉप (डोलकाठीवरचे मचाण) आणि काठ्यांची फ्रेम अर्धी होती, तशाच कटरच्या खुणेसकट. त्यांची मुदत अजून शिल्लक होती. चित्रीकरण आणि फ्रेमचे फोटो जोडल्यावर त्यांना पूर्ण रक्कम परत मिळाली. त्यांच्याच तक्रारीला जोडून मी माझे फोटो पुन्हा पाठवले आहेत, आणि त्यावर निर्णय यायचा आहे.

तोवर पुढच्या डोलकाठीचा वरचा भाग आणि काठ्या मी गोल लाकडी काड्या घासून निमुळत्या करून बनवतोय. कोणत्याही विक्रेत्याला व्यवहाराआधी हा एक निरोप जरूर पाठवा: "प्रत्येक फ्रेमचा, तिच्यावरचा आकडा वाचता येईल असा, आज काढलेला फोटो हवा. किट सीलबंद असेल तर सील तोडून काढलेला चालेल, किंमत तीच देईन." प्रामाणिक विक्रेते दोन दिवसांत फोटो पाठवतात, हे मी नंतरच्या खरेदीत पाहिलं आहे. मला फसवणाऱ्या या विक्रेत्याला मी दुसऱ्या नावाने हाच निरोप पाठवून पाहिला. किट नुकतंच विकलं गेलं, असं उत्तर आलं, आणि जाहिरात अजून तशीच आहे.