सेमोर डंकन क्वार्टर पाउंड: पी-बेसला नवा पिकअप, दुकानातला मनस्ताप आणि शेवटी घरी धरलेली सोल्डरिंग गन

सहा महिने झाले माझ्या बेस गिटारचा पिकअप (तारांची थरथर पकडून अँपकडे पाठवणारा मॅग्नेट-कॉइलचा तुकडा) बदलून, एक अख्खा गणपतीचा सीझन आणि लग्नांचे बरेच कार्यक्रम वाजवून झाले, म्हणून आता लिहिते. दोन दिवस वाजवून रिव्ह्यू लिहिण्यात काही अर्थ नसतो, घरात सगळेच पिकअप छान वाटतात.

माझा बेस म्हणजे एका मोठ्या कंपनीचा स्वस्तातला पी-बेस. लाकूड चांगलं, नेक सरळ, आठ वर्षं झाली, हाताला इतका बसलाय की विकायचा विचारही करवत नाही. त्रास एकच, आवाज. ऑर्केस्ट्रात ढोलकी, ऑक्टोपॅड, दोन कीबोर्ड, त्यात कीबोर्डवाल्याचा डावा हात कायम खालच्या सप्तकात, आणि माझा बेस त्या सगळ्याच्या खाली गोधडी पांघरून झोपल्यासारखा. साउंडवाला दादा दर वेळी म्हणायचा, "ताई, लेव्हल आहे पण नोट कळत नाही." त्याचं बरोबर होतं. डी आणि जी तार तर अगदीच बारीक यायची.

पी-बेसचा पिकअप दोन तुकड्यांचा का असतो हे खूप जणांना माहीत नसतं, म्हणून थोडं सांगते. 1951 साली फेंडर कंपनीने प्रिसिजन बेस (म्हणजेच पी-बेस) काढला तेव्हा त्यावर एकच साधा सिंगल कॉइल पिकअप होता. 1957 मध्ये त्याचे दोन भाग केले, एक ई आणि ए तारेखाली, दुसरा डी आणि जी खाली. दोन्ही कॉइल उलट गुंडाळलेल्या, मॅग्नेटही एकाचे उलटे, आणि दोन्ही सिरीजमध्ये जोडलेले. त्यामुळे तारांचा आवाज टिकतो आणि लाइटच्या वायरिंगमधून येणारी 50 हर्ट्झची घूंऽऽ दोन्हीकडून एकमेकांना मारते. म्हणजे चांगल्या पी-बेसला हम, ती घूंऽऽ, जवळजवळ नसतोच. मंडपात डिमरचे लाइट, जनरेटर, एलईडी वॉल असं सगळं एकाच लाइनवर असतं तिथे ही गोष्ट किती महत्त्वाची आहे ते वाजवणाऱ्यालाच कळतं.

क्वार्टर पाउंड, मॉडेल नंबर एसपीबी-3, हा सेमोर डंकनचा पॅसिव्ह पिकअप. बॅटरी वगैरे काही नाही, हे माझ्यासाठी महत्त्वाचं होतं कारण चालू कार्यक्रमात नऊ व्होल्टची बॅटरी संपलेली मी दुसऱ्यांची पाहिली आहे. नावातला क्वार्टर म्हणजे पाव इंच, पोलपीसची (तारांखाली दिसणाऱ्या मॅग्नेटच्या गोल खुंट्यांची) जाडी. अल्निको 5 चे जाडजूड मॅग्नेट आणि वायर जास्त गुंडाळलेली, म्हणून आउटपुट नेहमीच्या पी पिकअपपेक्षा बराच जास्त. खाली जाड आणि खोल, वर धार, मधला भाग थोडा मागे. मला खर्च आला बारा हजारांच्या आसपास. डब्यात पिकअपचे दोन भाग आधीच एकमेकांना जोडलेले येतात, कव्हर, स्क्रू, आणि वायरिंगचा कागद. एक लक्षात ठेवा, जुनं कव्हर यावर चढत नाही, पोलपीस जाड आहेत त्यामुळे भोकं पुरत नाहीत, पिकअपचंच कव्हर वापरायचं.

आता बसवायचं. मी आधी एका गिटारच्या दुकानात दिला, नाव लिहीत नाही. तीन दिवस म्हणाले, बारा दिवस लावले. फोन केला की "उद्या मॅडम". घरी आणून अँपला लावला तर घूंऽऽ चालू. तारांना हात लावला की हम कमी व्हायला हवा, इथे उलट वाढत होता, आणि जॅकच्या धातूला बोट लावलं की एकदम शांत. परत घेऊन गेले तर म्हणे नवीन पिकअप हाय आउटपुट आहे, आवाज येणारच. शिवाय मी वर दिलेलं सगळं ज्ञान त्यांना सांगायला गेले तर ऐकून घ्यायलाच तयार नाहीत. मला त्या दिवशी खरंच वाईट वाटलं, पैशांपेक्षा जास्त या गोष्टीचं की माझं वाद्य आहे, मी रोज वाजवते, मला त्यातलं काही कळत असेल असं त्यांना वाटलंच नाही.

मग पुण्यात बुधवार पेठेत तपकीर गल्लीत, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, गेले मल्टिमीटर घ्यायला, आणि तिथून जवळच एक रेडिओ-अँप्लिफायर दुरुस्त करणारे काका आहेत, वडिलांचा जुना रेकॉर्ड प्लेअर त्यांनीच चालू केला होता, त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी बेस आयुष्यात उघडला नव्हता. पण दोन वाक्यांत ओळखलं. "अगं, तारा ज्या पट्टीवर बसतात तिथून अर्थिंग येतंय का ते बघ आधी. मीटर बीपवर ठेव, एक टोक पट्टीला, एक जॅकच्या बाहेरच्या पत्र्याला." लावलं, बीप नाही. एवढंच होतं. ब्रिजखालून, म्हणजे त्याच पट्टीखालून, एक बारीक वायर कंट्रोलच्या खड्ड्यात येते आणि व्हॉल्यूम पॉटच्या (ज्याच्या दांड्यावर आवाजाचा नॉब बसतो त्या भागाच्या) पाठीवर सोल्डर होते, ती दुकानात काढताना निघाली आणि परत कुणी लावलीच नव्हती.

उघडून बघितलं तेव्हा बाकीचंही कळलं. पॉटच्या पाठीवर सोल्डरचा मोठा मणी ठेवलेला, वरून करडा आणि खडबडीत, नखाने ढकलला तर अख्खा हलला. काका म्हणाले हा ड्राय सोल्डर, पत्रा तापलाच नाही, नुसतं कथील वर ओतलंय. मला त्यांनी शिकवलं ते सांगते कारण हेच सगळ्यात उपयोगी पडलं. पॉटची पाठ आधी पॉलिश पेपरने घासायची, चमक येईपर्यंत, मग थोडा फ्लक्स, आणि आयर्न पत्र्यावर टेकवून आधी पत्रा तापू द्यायचा, कथील आयर्नला नाही, पत्र्याला लावायचं, ते आपोआप पसरतं पाण्यासारखं. थंड होताना वायर अजिबात हलवायची नाही. 25 वॅटचं आयर्न पिकअपच्या बारीक वायरींना ठीक आहे पण पॉटच्या पाठीला कमी पडतं, तिथे जास्त वॅटचं घ्या आणि पटकन उरका, कारण खूप वेळ तापवला तर पॉटच्या आतला कार्बनचा ट्रॅक जळतो. माझ्या जुन्या पॉटचं तेच झालं होतं, फिरवला की खर्रखर्र.

म्हणून दोन्ही पॉट नवीन घेतले, 250 किलोओहम, सीटीएस कंपनीचे. आणि टोनचा कॅपॅसिटर 0.047 मायक्रोफॅरड, तो तपकीर गल्लीत 473 छापलेला हिरवा मिळतो, चहाच्या पैशांत. भारीतला घ्या म्हणून सांगणारे खूप भेटतील, मी दोन्ही लावून ऐकले, मला फरक ऐकू आला नाही.

सीटीएसचे पॉट लावताना दोन गोष्टी आडव्या येतात आणि त्या आधीच माहीत असलेल्या बऱ्या. त्यांचा आटा 3/8 इंची, साधारण साडेनऊ मिलिमीटर, आणि स्वस्त बेसच्या पिकगार्डला (बेसच्या पुढच्या प्लास्टिकच्या पत्र्याला) भोक लहान, ते गोल कानशीने हळूहळू मोठं करावं लागतं, ड्रिल मारू नका, प्लास्टिक तडकतं. दुसरं, दांडा पाव इंची म्हणजे 6.35 मिलिमीटर आणि माझे जुने नॉब 6 मिलिमीटरचे. पस्तीस शतांश मिलिमीटरसाठी नॉब चढत नाही! रविवारी रात्री साडेदहाला हे कळलं, सोमवारी कार्यक्रम, तो मी बिननॉबच्या दांड्यांवर वाजवला.

बाकी काम पी-बेसवर खरंच सोपं आहे. तारा ढिल्या करून बाजूला घ्यायच्या, पिकअपचे स्क्रू, मग पिकगार्डचे तेरा, की सगळं वायरिंग पिकगार्डला लटकलेलंच वर येतं. आधी मोबाइलवर फोटो काढा, दोन-तीन कोनातून. पिकअपच्या खड्ड्यातून कंट्रोलच्या खड्ड्याकडे एक तिरकं भोक आहे त्यातून वायर ओवायची. पांढरी वायर व्हॉल्यूमच्या पायाला, काळी पॉटच्या पाठीवर, झालं. पिकअपखाली स्पंज आहे का बघा, जुना असेल तर दाबून दाबून मेलेला असतो, नवीन कापून टाका, त्याच्याशिवाय पिकअप स्क्रूवर डुगडुगतो. पिकगार्ड बंद करण्याआधी जॅक लावून, आवाज कमी ठेवून, स्क्रू ड्रायव्हरने प्रत्येक पोलपीसवर हलकं टकटक करा. आठही पोलपीसवरून टक्क असा आवाज आला की मगच तारा ताणा. खड्ड्यांना मी तांब्याची टेपही लावली, पिकअपला फारशी गरज नव्हती पण वायरी आणि पॉट उघडेच असतात, त्यांच्यासाठी.

एक गोष्ट मात्र गंभीरपणे. ब्रिज अर्थ झाला म्हणजे तुमच्या तारा आणि त्यावरचा तुमचा हात अर्थ झाला. मंडपात अर्थिंग धड नसेल तर माइकला ओठ टेकला की झटका बसतो, कोरससाठी माइकजवळ जाणाऱ्या बेसिस्टला हे माहीत असेल. काकांनी मला एक टेस्टर देऊन ठेवलाय, स्टेजवर गेल्या गेल्या अँपची बॉडी आणि माइकची जाळी तपासते, लाज वाटून घेत नाही.

आता आवाज. पहिल्या दिवशी मला आवडला नाही, हे प्रामाणिकपणे सांगते. प्रचंड मोठा, पण ई तारेवर वरच्या फ्रेट्सवर वाजवलं की सूर हलल्यासारखा, वॉव-वॉव. मला वाटलं पिकअपच चुकला. चूक उंचीची होती, मी तो जुन्या पिकअपच्या उंचीवर बसवला होता. इतके जाड मॅग्नेट तारेच्या जवळ आले की तार ओढून धरतात, तिला मोकळं हलू देत नाहीत. शेवटच्या फ्रेटवर तार दाबून मोजत मोजत, पाव पाव फेरा स्क्रू फिरवत, ई कडे साडेतीन मिलिमीटर आणि जी कडे पावणेतीनला येऊन थांबले. दोन संध्याकाळी गेल्या त्यात. आणि मग तो आवाज आला ज्यासाठी हे सगळं केलं, ई तार पोटात लागते पण नोट स्वच्छ कळते, आणि जी तारेवरची छोटी जागा घेतली की ती ढोलकीच्या थापेच्या वर दिसते.

तरी सगळ्यांनी हाच घ्यावा असं म्हणणार नाही. तुम्हाला जुन्या गाण्यांचा तो मऊ, टपटप, फ्लॅटवाउंड तारांवरचा आवाज हवा असेल, मोटाउनवाल्या जेम्स जेमरसनसारखा (त्याचा 1962 चा प्रिसिजन होता), तर त्याच कंपनीचा व्हिंटेज, एसपीबी-1, तुमच्या कामाचा, कमी गुंडाळलेला, मध्य पुढे. भावगीतांच्या कार्यक्रमात मी याचा टोन निम्म्याच्या खाली घेते आणि बोटं नेककडे सरकवते, तेव्हा तो वागतो, पण त्याचा जीव लावणीत आणि गाजलेल्या फिल्मी गाण्यांत आहे. डीआय बॉक्सवर (बेसचा सिग्नल मिक्सरला देणाऱ्या डबीवर) पॅड, म्हणजे सिग्नल कमी करणारं बटण, दाबावं लागतं कारण आउटपुट तेवढा आहे, साउंडवाल्याला आधीच सांगून ठेवा.

गणपतीत पाचव्या दिवशी, मागे जनरेटर, बाजूला डिमर, आणि दोन गाण्यांच्या मध्ये माझ्या चॅनलवर एकदम शांतता. दादाने कन्सोलवरून मान वर करून विचारलं, "ताई, केबल निघाली का?" मी एक ई वाजवला, त्याने अंगठा दाखवला.