विश्रामबागेतील वेळ-नियोजन कार्यशाळा : सहा महिन्यांनंतरचा हिशेब

सांगलीत विश्रामबागेतील एका सभागृहात गेल्या नोव्हेंबरमध्ये वेळ-नियोजन आणि व्यक्तिगत यश या विषयावरची कार्यशाळा झाली. चार रविवार, सकाळी दहा ते एक, शुल्क २,४०० रुपये आणि त्यात चहा-नाष्टा व आखलेली एक वही, असे तिचे स्वरूप होते. मी चारही सत्रांना हजर होतो. कार्यशाळा संपल्याच्या आठवड्यात लिहिले असते तर निव्वळ कौतुक लिहिले असते, म्हणून मुद्दाम हळदीचा हंगाम उलटू दिला आणि आता लिहायला बसलो आहे.

मी करसल्लागार आहे. माझे बहुतेक पक्षकार मार्केट यार्डातील हळदीचे अडते आणि तासगाव भागातील बेदाण्याचे व्यापारी आहेत. महिन्याच्या ११ तारखेला वस्तू व सेवा कराचे (जीएसटीचे) विक्रीचे विवरणपत्र, २० तारखेला कराच्या भरण्याचे, जुलैअखेर आयकराची विवरणपत्रे आणि सप्टेंबरअखेर लेखापरीक्षणाचे अहवाल, असे माझे वर्ष सरकारने आधीच आखून दिलेले असते. तरीही दर महिन्याच्या १९ तारखेच्या संध्याकाळी कोणी तरी प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबलेली बिले घेऊन येतो. त्या बिलांना हळदीची पूड लागलेली असते, ती बिले क्रमाने लावून होईपर्यंत बोटे पिवळी होतात आणि रात्रीचे साडेअकरा वाजतात. उशीर झाला तर दिवसाला ५० रुपये विलंब शुल्क आणि थकलेल्या करावर वार्षिक १८ टक्क्यांनी व्याज व्यापाऱ्यालाच भरावे लागते. तो आपली चूक विसरतो आणि बोल मात्र माझ्या कार्यालयाला लागतो. वीस वर्षे हे असेच चालले होते आणि त्याला मी व्यवसायाचा स्वभाव समजत होतो. कार्यशाळेला गेलो तो या एका प्रश्नाचे उत्तर शोधायला.

पहिल्या सत्राने माझी निराशा केली. तीन तासांपैकी दोन तास संगीत लावून, डोळे मिटायला सांगून, यशस्वी झालेल्या स्वतःचे चित्र डोळ्यांपुढे आणण्यात गेले. प्रशिक्षकांचे बोलणे प्रभावी होते आणि सभागृहातील तीसेक माणसे खरोखर भारावून गेली होती, हे मान्य केले पाहिजे. परंतु अशी उभारी सोमवारी दुपारपर्यंतही टिकत नाही, आणि टिकावी यासाठी काय करायचे, याचा एकही शब्द त्या दिवशी निघाला नाही. पहाटे पाचला उठण्याचा आग्रह मात्र तीनदा झाला. माझ्या शेजारी घरी भडंग करून विकणाऱ्या एक ताई बसल्या होत्या. त्या उभ्या राहून म्हणाल्या, "सर, पाचला उठा म्हणताय, पण मी साडेचारलाच उठते. तरी दिवस पुरत नाही." त्यावर प्रशिक्षकांनी "मग ताई, तुम्ही आधीच जिंकलात" असे म्हणून सर्वांना टाळ्या वाजवायला लावल्या. ताई बसल्या. त्यांना उत्तर मिळाले नव्हते, आणि वेळेविषयी शिकवणाऱ्या माणसाने ज्या प्रश्नाला सर्वांत आधी भिडायला हवे होते, तो प्रश्न टाळ्यांत बुडून गेला.

त्याच सत्रात एकवीस दिवसांत कोणतीही सवय लागते असे ठामपणे सांगण्यात आले. हे बरोबर नाही, आणि ते सांगणाऱ्याने तपासायला हवे होते. या आकड्याचे मूळ एका अमेरिकी प्लास्टिक सर्जनच्या १९६० मधील लिखाणात आहे. शस्त्रक्रियेनंतर रुग्णाला आपला बदललेला चेहरा सवयीचा व्हायला किमान एकवीस दिवस लागतात, असे त्यांचे निरीक्षण होते. पुढे त्यातला 'किमान' गळाला आणि चेहराही गळाला. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील फिलिपा लॅली व सहकाऱ्यांनी ९६ जणांना बारा आठवडे एकेक साधी सवय लावायला सांगून नोंदी घेतल्या, तेव्हा ती अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागतात आणि माणसागणिक, सवयीगणिक हा काळ १८ पासून २५४ दिवसांपर्यंत बदलतो, असा अंदाज त्या नोंदींवरून त्यांनी काढला. त्याच अभ्यासात एखादा दिवस चुकल्याने फारसे बिघडत नाही हेही दिसले होते. बाविसाव्या दिवशी सवय लागली नाही म्हणून स्वतःला आळशी ठरवून वही कपाटात टाकणारी माणसे मी पाहिली आहेत, त्यामुळे ही चूक मला किरकोळ वाटत नाही.

दुसऱ्या रविवारी मी जवळजवळ जाणार नव्हतो. गेलो हे बरे झाले, कारण शुल्काचा सगळा मोबदला मला त्या एका सत्रात मिळाला. वहीच्या प्रत्येक पानावर सकाळी सहापासून रात्री अकरापर्यंत अर्ध्या-अर्ध्या तासाच्या ओळी होत्या, आणि शेजारी दोन रकाने होते: एकात कामाला किती वेळ लागेल असे वाटते ते आधी लिहायचे, दुसऱ्यात प्रत्यक्ष किती लागला ते. सात दिवस काहीही सुधारायचे नाही, फक्त लिहायचे, अशी अट होती. स्वतःच्या कामाला लागणारा वेळ आपण सवयीने कमी धरतो, याला डॅनियल कानेमन आणि एमॉस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये नियोजनातील भ्रम असे नाव दिले. नाव ऐकून काही होत नाही. रकाने भरल्यावर होते. एका अडत्याच्या खरेदीची बिले आणि जीएसटीच्या पोर्टलवरची नोंद जुळवायला मी चाळीस मिनिटे लिहिली होती, लागला एक तास पन्नास मिनिटे. बुधवारच्या पानावर एकूण ४१ फोन होते आणि त्यांतले निम्म्याहून अधिक "साहेब, माझं झालं का?" एवढेच विचारणारे होते. त्यांना उत्तरे देण्यात दोन तास चाळीस मिनिटे गेली होती. इतकी वर्षे मी समजत होतो की पिशव्या उशिरा येतात म्हणून काम तुंबते. वहीने दाखवले की लवकर आलेल्या पिशव्याही माझ्या टेबलावर फोनांच्या खाली पडून राहत होत्या.

भडंगवाल्या ताईंच्या वहीतूनही असेच निघाले. दुकानांना माल पोचवायला आणि वसुलीला त्या दिवसातून तीनदा गावात जात होत्या. पुढच्या आठवड्यात त्यांनी दुकानदारांना मंगळवार आणि शुक्रवार ठरवून दिले. पहिल्या सत्रात न मिळालेले उत्तर त्यांना असे स्वतःच्या पानावर सापडले.

तिसरे सत्र ठीक होते. तातडीचे आणि महत्त्वाचे यांची चार चौकोनांत विभागणी आणि पंचवीस मिनिटे काम, पाच मिनिटे विश्रांती ही पद्धत शिकवण्यात आली. फ्रान्चेस्को चिरिलो या इटालियन तरुणाने ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस विद्यार्थिदशेत स्वयंपाकघरातील टोमॅटोच्या आकाराचे घड्याळ लावून ही पद्धत सुरू केली, आणि एकट्याने करायच्या अभ्यासाला ती उत्तम आहे. पक्षकार समोर बसलेला असताना घड्याळ वाजले म्हणून उठता येत नाही. मी ती फक्त सकाळी कार्यालय उघडण्यापूर्वीच्या जुळवणीसाठी वापरतो.

चौथ्या सत्रात 'जर-तर'चे वाक्य लिहायला शिकवले. 'वेळेवर काम करीन' असा मोघम संकल्प न करता, 'जर अमुक घडले, तर मी तमुक करीन' असे आधीच ठरवून ठेवायचे. पीटर गोल्विट्झर या मानसशास्त्रज्ञाने १९९९ मध्ये यावर सविस्तर लिहिले आहे. निर्णय प्रसंग येण्याआधीच झालेला असल्यामुळे ऐन वेळी मनाशी झगडावे लागत नाही, हे त्यातले मर्म आहे. माझे वाक्य असे होते: जर १५ तारखेनंतर बिले आली, तर त्यांचे काम वेळेत आलेल्या सर्वांचे संपल्यावरच घेईन. ते मी छापून दारावर लावले. शिवाय फोनसाठी सकाळी अकरा आणि सायंकाळी पाच असे दोन वेळचे एकेक तास ठेवले, आणि विवरणपत्र भरले की लगेच संदेश जाईल अशी व्यवस्था केली. जुने एक अडते रागावून म्हणाले, "काय साहेब, आता वेळ घेऊन यायचं होय तुमच्याकडं?" मी नम्रपणे होय म्हणालो. एक पक्षकार सोडून गेला. ते मला लागले, हेही नोंदवतो. मात्र फेब्रुवारी ते मे या ऐन हंगामात, पूर्वी कधी नव्हे ते, २० तारखेला माझे कार्यालय रात्री आठला बंद झाले.

याच सत्राचा शेवटचा अर्धा तास पुढच्या निवासी शिबिराच्या जाहिरातीत गेला आणि 'आजच नाव नोंदवणाऱ्यांना सवलत' असा आग्रह झाला. चार रविवार निर्णय शांतपणे घ्यायला शिकवल्यावर अशी घाई करणे मला अयोग्य वाटले. मी नाव नोंदवले नाही.

ज्यांना मनाला उभारी हवी आहे त्यांनी या शुल्कात जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ज्यांचा दिवस इतरांच्या मागण्यांत संपतो, अशा दुकानदारांनी, व्यावसायिकांनी आणि घरातून उद्योग करणाऱ्या स्त्रियांनी दुसऱ्या आणि चौथ्या सत्रासाठी जरूर जावे. आयोजक सत्रनिहाय प्रवेश देत नाहीत. तो द्यावा, असे मी त्यांना लेखी कळवले आहे. त्यांची आखलेली वही चाळीस पानांची आहे आणि पुढची प्रत १८० रुपयांना विकली जाते. ती घेण्याची गरज नाही. मी साधी लांब वही ३५ रुपयांना आणली, पट्टीने दोन रकाने आखले, आणि जानेवारीपासून तीच वापरतो आहे.