दुसऱ्या गेटाजवळची नेपाळी खानावळ: मोमो सोडून बाकीचं मागा

बेळगावच्या टिळकवाडीत दुसऱ्या रेल्वे गेटाच्या अलीकडं पाच टेबलांची नेपाळी खानावळ आहे. पाटीवर मोठ्या अक्षरांत कन्नड, खाली देवनागरीत एक बारकी ओळ. ती मराठी समजून आमचे समितीवाले (सीमाभाग महाराष्ट्रात जावा म्हणणाऱ्या एकीकरण समितीचे) मित्र खूश होऊन आत शिरतात. ओळ नेपाळी आहे. कुणी सांगू नका, बिचाऱ्यांचं गिऱ्हाईक तुटेल.

कॉलेजची पोरं मोमोच खातात. 80 रुपयांत आठ, बरे आहेत, पारी जाड. तेवढ्यासाठी इथवर यायची गरज नाही, मोमो आता गाड्यावरही मिळतात.

मी मराठा लाइट इन्फंट्रीत होतो. पूर्वेकडं पोस्टिंगला असताना 11 गोरखा रायफल्सची पलटण शेजारी होती, म्हणून मालकाला पहिल्याच दिवशी विचारलं, तुम्ही कोण? आपल्यात असं विचारणं बरं दिसत नाही, पण फौजी माणसाला ठाऊक असतं: 11 मध्ये राई-लिंबू जमातींचे, 9 मध्ये छेत्री, 1 आणि 5 मध्ये मगर-गुरुंग. बाहेरच्यांना सगळे नुसते ‘नेपाळी’. मालक लिंबू निघाला, पार पूर्वेच्या ताप्लेजुंगचा. वहिनी काठमांडूजवळच्या पाटणच्या नेवार. हाताखालचा पोरगा जनकपूरचा, मैथिली बोलणारा. तिघं आपसांत नेपाळी बोलतात आणि ती तिघांपैकी कुणाचीच घरची भाषा नव्हे.

हे कळलं की मेन्यू वाचता येतो.

थाळी 160 रुपये. डाळ, भात, तरकारी आणि गुंद्रुक, म्हणजे आंबवून वाळवलेल्या पाल्याची आंबट आमटी. डाळ पातळ, गुंद्रुक मात्र दोनदा मागून घेतलं. हे मूळ पहाडातल्या बाहुन-छेत्री, म्हणजे ब्राह्मण-क्षत्रिय घरचं जेवण. त्यांची खस भाषा पश्चिमेच्या कर्णाली खोऱ्यातली. गोरखा नावाच्या डोंगरी राज्याच्या राजा पृथ्वीनारायण शाहनं 1768 मध्ये काठमांडू घेतलं, त्याच्या दरबाराबरोबर ती देशभर गेली. आज तिलाच नेपाळी म्हणतात.

वहिनींच्या हातची चटामरी चुकवू नका. तांदळाच्या पिठाचं धिरडं, वर खिमा आणि अंडं. छोयला, म्हणजे भाजलेलं मसालेदार मांस, तिकडं म्हशीच्या मटणाचा करतात, इथं चिकनचा, मोहरीच्या तेलात, मेथीची फोडणी. नाकातून धूर निघतो. नेवार लोक शाह राजांच्या कितीतरी आधीपासून काठमांडूच्या खोऱ्यात आहेत, कुणी शिवमार्गी, कुणी बुद्धमार्गी, आणि सीमारेषा कुणाला नीट दाखवता येत नाही. कुमारी, म्हणजे जिवंत देवी, म्हणून शाक्यांची, म्हणजे बौद्ध घरची मुलगी बसवतात आणि तिच्यापुढं हिंदू राजे वाकायचे. वहिनींच्या देव्हाऱ्यातही गणपतीशेजारी बुद्ध आहे.

रविवारी ढिंडो, म्हणजे पाण्यात पीठ शिजवून घोटलेला घट्ट गोळा. नाचणीचाच, आपल्या खानापूरकडच्या माणसाला कानडी रागी मुद्देसारखा लागेल. अर्धा तास लागतो, ऑर्डर आधी द्या. सोबत किनेमा: आंबवलेल्या सोयाबीनची भाजी, खास लिंबू घरची. वास उग्र आहे, चव त्याहून चांगली.

ढिंड्यावर मालक मोकळा होतो. लिंबूवान, म्हणजे लिंबूंचा मुलूख, 1774 च्या करारानं गोरखा राज्याखाली गेलं, जमिनीवरचा सामायिक ‘किपट’ हक्क तेवढा राखून. मग पंतप्रधान जंगबहादूर राणाच्या वेळी, 1854 मध्ये, मुलुकी ऐन, म्हणजे देशाचा कायदा आला. अख्खा देश एका उतरंडीत बसवला. जानवंवाले वर, लिंबू-मगर-तामांग वगैरे दारू पिणारे म्हणून ‘मतवाली’, आणि सगळ्यांत खाली अस्पृश्य. लिंबूंचा धर्म मुन्धुममध्ये, तोंडी चालत आलेला, देवी युमा. मालकाचे आजोबा कागदावर हिंदू, वडिलांना राजाच्या पक्षबंदीच्या ‘पंचायत’ राजवटीत शाळेत फक्त नेपाळी, आणि हा स्वतः जनगणनेत धर्म किरात (राई-लिंबूंचा आपला धर्म) लिहितो. 2021 च्या मोजणीत किरात 3.17 टक्के, मातृभाषा 124, नेपाळी मातृभाषा असलेले निम्म्याहूनही कमी.

2015 च्या त्यांच्या घटनेत सगळ्या मातृभाषा राष्ट्रभाषा आहेत, म्हणाला. कचेरीत मात्र देवनागरीतली नेपाळी. मराठी परिपत्रकांसाठी मोर्चे काढून पाय दुखवून घेतलेले आम्ही तिघं टेबलावर होतो. एकानं विचारलं, मग लिंबूत अर्ज घेतात का? मालक हसला आणि आणखी ढिंडो वाढला.

त्याला वाटलं आमची कळी खुलवावी. म्हणाला, आमच्या पशुपतिनाथाचे मुख्य पुजारी भट्ट, ते तुमच्या कर्नाटकातूनच येतात. आम्ही तिघांनी एकमेकांकडं बघितलं. आता यावर अभिमान धरायचा की नाही, हे समितीत ठरवावं लागेल.

तक्रारी दोन. हात धुवायच्या नळाला दुपारी पाणी नसतं, आणि चहा फार गोड. जनकपूरचा पोरगा छठला ठेकुआ, म्हणजे कणकेचा गोड तळलेला पदार्थ, करतो तो कधी विकत नाही, नुसता हातावर ठेवतो, त्यामुळं त्याचे गुण कापता येत नाहीत.

मंगळवारी बंद. किनेमा मागणार असाल तर खिडकीजवळचं टेबल धरा आणि घरी जाताना सरळ शर्ट धुवायला टाका.