झोहो सीआरएम: फुकट तीन जणांनंतर काय?

चेन्नईच्या झोहो कंपनीचं सीआरएम, म्हणजे गिऱ्हाइकं आणि सौद्यांच्या नोंदी ठेवायचं सॉफ्टवेअर, तीन जणांपर्यंत फुकट; चौथा विक्रेता आला की माणशी भाडं सुरू. पैसे वसूल होतात ते प्रोफेशनल योजनेतल्या ब्लूप्रिंटमुळे, म्हणजे सौद्याचे टप्पे आखून देणाऱ्या सोयीमुळे. कोटेशनची रक्कम भरल्याशिवाय सौदा पुढच्या टप्प्यावर सरकणारच नाही, असं त्यात बांधून ठेवता येतं. पण सक्तीचे रकाने वाढवले की पोरं टिंबं भरून मोकळी होतात आणि खरा हिशेब व्हॉट्सअॅपवरच राहतो! चार-पाच पुरेत. जुनी एक्सेल यादी चढवण्याआधी मोबाइलच्या रकान्यात दुबार नोंद बंद करा, नाहीतर एकाच गिऱ्हाइकाला दोघं फोन करतात. नूतनीकरणाआधी कोण खरंच लॉगिन करतं ते बघून लायसन्स कमी करा. सोडायचं ठरवलं तर नोंदी सीएसव्हीत (एक्सेलमध्ये उघडणाऱ्या साध्या फायलीत) निघतात. ब्लूप्रिंट मात्र नव्या ठिकाणी पुन्हा बांधावी लागते. बरेच जण टिकून राहतात ते त्या कंटाळ्यापायी.