विजेट घ्यावं की वेबसाइटच दुरुस्त करून घ्यावी?

बडोद्यातल्या एका मराठी मंडळाच्या कार्यकारिणीपुढे सध्या दोन कोटेशनं आहेत. स्वस्तातलं विजेटचं आहे. वेबसाइटला कोडची एक ओळ जोडायची, म्हणजे कोपऱ्यात एक बटण येतं आणि त्यातून अक्षरं मोठी करता येतात, रंग बदलता येतात, मजकूर ऐकता येतो. त्याचं भाडं दरवर्षी भरायचं. दुसऱ्या कोटेशनमध्ये वेबसाइटचा मूळ कोड दुरुस्त करायचा आहे आणि खर्च बराच जास्त आहे. मला दिसत नाही. संगणक एनव्हीडीएवर आणि फोन टॉकबॅकवर चालवते; हे दोन्ही स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचं बोलून सांगणारे प्रोग्रॅम. म्हणून मला मत विचारलं. असाच निर्णय इतर मंडळांपुढेही असेल, म्हणून इथे लिहिते.

गेल्या गणेशोत्सवात मी वर्गणीचा फॉर्म उघडला. पाच रकाने, आणि पाचही ठिकाणी मला फक्त 'एडिट' ऐकू आलं. नाव कुठे लिहायचं आणि रक्कम कुठे, कळेना. शेवटी भाच्याला हाक मारली. रकान्यांशेजारी नावं छापलेली होती, पण कोडमध्ये ती रकान्यांना जोडलेली नव्हती. विजेट अशा ठिकाणी फार तर अंदाज बांधतं, आणि पैशांच्या फॉर्ममध्ये मला अंदाज नको. डेव्हलपरने लेबल जोडलं की प्रश्न कायमचा सुटतो, आणि एका रकान्याला त्यासाठी काही मिनिटं पुरतात.

विजेटच्या 'वाचून दाखवा' सोयीचा तर मला काहीच उपयोग नाही. त्या बटणापर्यंत मी पोचते तीच स्क्रीन रीडरच्या आधाराने. मग दोन आवाज एकदम बोलू लागतात. कमी दिसणाऱ्या ज्येष्ठांना मोठ्या अक्षरांचा फायदा होतो हे खरं, पण कंट्रोल आणि अधिकचं चिन्ह दाबलं की कोणताही ब्राउझर तेच फुकट करतो.

आपल्या गावाची खास अडचण भाषेची आहे. एकाच पानावर मराठी, गुजराती, इंग्रजी. कोडमध्ये सगळं पान 'इंग्रजी' म्हणून नोंदवलेलं असलं की स्क्रीन रीडरचे काही आवाज देवनागरी मजकूर चक्क गाळून पुढे जातात. प्रत्येक भागाला त्याच्या भाषेची खूण दिली, तर एनव्हीडीए आपणहून आवाज बदलतो. त्याच्याबरोबर येणाऱ्या ईस्पीक या आवाजाच्या प्रोग्रॅममध्ये मराठी आणि गुजराती दोन्ही आहेत. कोणता परिच्छेद कोणत्या भाषेतला, हे मूळ कोडमध्येच लिहायला हवं.

सभेची नोटीस प्रेसमधून पीडीएफ म्हणून येते ती जुन्या फॉन्टमध्ये; त्यात युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षरांना ठरलेले संगणकी क्रमांक, वापरलेलं नसतं. डोळ्यांना शुद्ध मराठी, पण आत रोमन अक्षरांची खिचडी, आणि मला ऐकू येते ती खिचडी. पानावरचं विजेट त्या पीडीएफला हातही लावत नाही. मजकूर युनिकोडमध्ये घेणं हाच उपाय.

'विजेट लावलं की कायद्याचंही पालन होतं' असं विक्रेता सांगत असेल, तर सावध राहा. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने (ग्राहकांची फसवणूक रोखणाऱ्या सरकारी संस्थेने) अ‍ॅक्सेसीबी या विजेट कंपनीवर अशाच दाव्यांसाठी १० लाख डॉलर भरण्याची वेळ आणली. आपल्याकडे २०१६चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा खासगी सेवांनाही लागू होतो, आणि ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोचणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. म्हणून करारात 'डब्ल्यूसीएजी २.२, पातळी डबल ए' असं स्पष्ट लिहून घ्या; वेबसाइट दिव्यांगांनाही वापरता यावी यासाठीचे हे आंतरराष्ट्रीय निकष आहेत.

दुरुस्तीचीही एक उणी बाजू आहे: ती टिकवावी लागते. पुढच्या महिन्यात कुणी कार्यक्रमाची सगळी माहिती चित्रात घालून टाकली, की स्क्रीन रीडरला वाचायला मजकूरच उरत नाही आणि मी पुन्हा बाहेर. जो माणूस मजकूर चढवतो त्याला दोन तास शिकवण्याचा खर्च कोटेशनमध्येच धरा.

माझं मत दुरुस्तीच्या बाजूने आहे. पैसे कमी पडत असतील तर या वर्षी फक्त वर्गणीचा फॉर्म आणि नोटिशींचं पान घ्या. सही करण्याआधी दोन्ही विक्रेत्यांना बोलवा. एनव्हीडीए फुकट आहे, पेनड्राइव्हवरूनही चालतो. तो सुरू करा, मॉनिटर बंद करा, माउस बाजूला ठेवा आणि त्यांना १०१ रुपयांची वर्गणी भरायला सांगा.