लाल फॉस्फरस: भट्टी की गॅमा किरणे?

पांढऱ्या फॉस्फरसपासून लाल फॉस्फरस भट्टीत बनवावा की गॅमा किरणांनी, नाशिकच्या एका एम.एस्सी. विद्यार्थिनीपुढे प्रकल्पासाठी हा पेच आहे. पांढरा फॉस्फरस हवेविना सुमारे २५० ते ३०० अंश सेल्सिअसला तापवला, की त्याच्या चार अणूंच्या रेणूंतील बंध तुटून बहुवारिक (पॉलिमर, म्हणजे अणूंच्या लांब साखळ्यांचा) लाल फॉस्फरस बनतो. मात्र प्रक्रियेतून उष्णता बाहेर पडत असल्याने तापमानावर सतत नजर हवी. कोबाल्ट-६० या किरणोत्सारी धातूच्या गॅमा किरणांनी हेच काम द्रावणात, साध्या तापमानालाही घडते. पण बेन्झीनसारख्या द्रावकाचे तुकडे साखळीत शिरतात आणि शुद्धता जाते. किरणस्रोत महाग, त्याचे अर्धायुष्य (किरणोत्सर्ग निम्मा होण्याचा काळ) अवघे ५.२७ वर्षे. (लासलगावचे विकिरण केंद्र कांदा, आंबा अशा शेतमालासाठी आहे, हवेत पेटणारा पदार्थ तिथे नेण्याचा विचारही नको.) शुद्ध आणि भरपूर उत्पादन हवे असल्यास भट्टी निवडावी, सेंद्रिय गट जोडलेली बहुवारिके अभ्यासायची असल्यास किरणे.