आठ महिने बॉटसोबत: सोडून गेलेल्यांचे आयडी आता खरंच बंद होतात

भोसरी एमआयडीसीत गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या ३५० माणसांच्या कारखान्यात मी आयटी बघतो. 'बघतो' म्हणजे प्रिंटरपासून फायरवॉलपर्यंत सगळं. मी आणि हाताखाली दोन पोरं. गेल्या वर्षी आयएसओ २७००१ (माहिती सुरक्षेचं आंतरराष्ट्रीय मानक) च्या ऑडिटला आलेल्या बाईंनी एचआरकडून सहा महिन्यांत नोकरी सोडलेल्यांची यादी मागवली आणि ईआरपीतल्या (कारखान्याचा सगळा कारभार ज्यात चालतो तो प्रोग्रॅम) चालू आयडींच्या यादीशेजारी ठेवली. ११ नावं दोन्हीकडे. त्यातला एक जण तर आमच्याच स्पर्धकाकडे लागला होता. मानकाच्या २०२२ च्या आवृत्तीत ५.१८ क्रमांकाचं नियंत्रण याच कामासाठी आहे: कोणाला कशात शिरता येतं, आणि गेल्यावर ते काढलं का. आमच्याकडे कागदावर प्रक्रिया होती. एचआरचा मेल शुक्रवारी संध्याकाळी यायचा, सोमवारी सर्व्हर बसलेला असायचा, आणि ते राहून जायचं.

म्हणून बॉट, म्हणजे माणसासारखा स्क्रीनवर बटणं दाबून ठरलेलं काम करणारा प्रोग्रॅम. मालकांना पटवायला २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यातला २५० कोटींपर्यंतच्या दंडाचा आकडा कामी आला.

सुरुवात विंडोज ११ सोबत फुकट येणाऱ्या पॉवर ऑटोमेट या बॉट बनवायच्या साधनावर केली. हात बसवायला छान. पण फुकटात कोणीतरी समोर बसून बटण दाबावं लागतं. माणसाविना आपोआप चालायला हवं असेल तर पैसे मोजायचे. नंतर दुसरं विकतचं साधन घेतलं. त्याचं नाव मुद्दाम देत नाही, कारण पुढे जे रडगाणं आहे त्यातलं बहुतेक आमच्याच करणीचं आहे.

काम साधं: रोज संध्याकाळी ७ वाजता बॉट एचआरची एक्झिट लिस्ट उघडतो, आज शेवटचा दिवस असलेल्यांचे आयडी ईआरपी, हजेरी आणि स्टोअरच्या जुन्या प्रोग्रॅममध्ये बंद करतो, प्रत्येक ठिकाणचा स्क्रीनशॉट वेळेसकट फोल्डरमध्ये ठेवतो. विंडोज लॉगिन आणि मेल मात्र बॉटकडे दिलेले नाहीत. तिथे पॉवरशेलच्या, म्हणजे विंडोजला थेट हुकूम देणाऱ्या स्क्रिप्टच्या, चार ओळी पुरतात, आणि स्क्रिप्ट ही स्क्रीनवर बटणं शोधणाऱ्या बॉटपेक्षा केव्हाही भरवशाची. आमची ईआरपी २०११ ची, दुसऱ्या प्रोग्रॅमला तिच्याशी थेट बोलायला दारच नाही. अशा ठिकाणीच बॉटचं सोनं होतं. विक्रेते सगळं काही बॉटनेच करा म्हणतात. ऐकू नका.

पहिल्या महिन्यात बॉटने दोन पाटलांमधल्या चुकीच्या पाटलांना बंद केलं. यादी नावावरून जुळवली होती, आणि पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यात नावावरून पाटील शोधणं म्हणजे काय ते सांगायला नको. ते साहेब रात्रपाळीचे सुपरवायझर. डिस्पॅच दोन तास अडला, शिव्या मला. आता फक्त एम्प्लॉयी कोड चालतो, आणि एका दिवशी पाचपेक्षा जास्त नावं आली की बॉट थांबून मला विचारतो.

त्याहून वाईट चूक गुपचूप झाली. ईआरपीत कोणी तीच नोंद उघडून बसलं असेल तर एक छोटी खिडकी येते. बॉट ती बंद करायचा, पुढे जायचा आणि अहवालात 'झालं' लिहायचा. तीन आठवडे आम्ही त्या हिरव्या खुणा बघून खूश. आता आयडी बंद केल्यावर तो यादी पुन्हा उघडतो, आयडी खरंच बंद आहे का ते वाचतो आणि मगच खूण करतो. बॉट बनवून घेणार असाल तर ही एक अट आधीच लिहून घ्या.

आता खरी गोष्ट. बॉट ज्याने बांधला त्या पोराला हिंजवडीत चांगली नोकरी लागली. बॉट त्याच्याच आयडीवर चालत होता आणि ईआरपीचा पासवर्ड त्याच मशीनवरच्या एका एक्सेल फाइलमध्ये उघडा पडलेला. शेवटच्या दिवशी केक कापला, आणि ७ वाजता बॉटने आणि त्याच्या मागोमाग स्क्रिप्टने यादीप्रमाणे त्याचे सगळे आयडी चोख बंद केले. दुसऱ्या दिवशी बॉट उठलाच नाही. ज्या फांदीवर बसला तीच तोडली.

हसून झाल्यावर घाम फुटला. सगळ्यांच्या चाव्या ज्या बॉटकडे, त्याची स्वतःची चावी एक्सेलमध्ये, आणि हक्क पूर्ण अॅडमिनचे, कारण सुरुवातीला 'लवकर चालू करू' म्हणून तेच दिले होते. आता बॉटचा वेगळा आयडी आहे, तो फक्त आयडी बंद करू शकतो, नवा उघडू शकत नाही. पासवर्ड तिजोरीत, म्हणजे साधनाच्या कूटबद्ध साठ्यात. आम्हालाही दिसत नाही. त्याच्या मशीनवर रिमोटने शिरायची परवानगी फक्त मला. ७ ते ८ सोडून त्याचं लॉगिन दिसलं की माझ्या मोबाइलवर मेसेज येतो. त्याच्या नोंदीही बाकी लॉगसोबत १८० दिवस राहतात, सर्ट-इन या सायबर सुरक्षा बघणाऱ्या सरकारी संस्थेच्या २०२२ च्या आदेशाप्रमाणे. एचआरच्या यादीतही त्याला कोड दिलाय, जबाबदार माणूस म्हणून माझं नाव. एचआरच्या मॅडम विचारत होत्या, दिवाळीचा बॉक्स द्यायचा का.

या वर्षीच्या ऑडिटला बाईंनी तीच दोन याद्यांची परीक्षा घेतली. ईआरपीत एकही जुनं नाव नाही. मग त्यांनी विचारलं, ग्राहक कंपन्यांच्या पोर्टलचं काय?

तिथे बॉटचं काही चालत नाही. एका मोठ्या ग्राहकाच्या पोर्टलवर आमचं लॉगिन जुन्या डिस्पॅच क्लार्कच्या खासगी मोबाइलला जोडलेलं आहे. नंबर बदलायचं पत्र चार वेळा दिलं. ओटीपी अजून त्यालाच जातो. तो आता चाकणला दुसऱ्या कंपनीत आहे, पण फोन केला की बिचारा सांगतो. परवाही सांगितला.